फरक नाही पडला तर दाखवा

माजिवडा नाक्यावर उभं राहून एखाद्याला पत्ता विचारा. तो आधी उड्डाणपुलाकडे बघेल, मग मेट्रोच्या खांबांकडे बघेल आणि "मी इथला नाही हो" म्हणून पुढे जाईल. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मुंबई-आग्रा रस्ता आणि घोडबंदर रस्ता इथे एकमेकांना भेटतात, आणि भेटल्यावर त्यातला कोण वर गेला नि कोण खाली राहिला, हे रोज जाणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. पण त्याच गृहस्थाला नुसतं "जरा कंबर धरलीय" एवढंच म्हणून बघा. हात दाखवून थांबवलेली रिक्षा तो सोडून देईल, भाजीची पिशवी कठड्यावर ठेवील आणि तुम्हाला औषध सांगेल. पत्ता माहीत नसलेली माणसं मी या नाक्यावर पुष्कळ पाहिली. औषध माहीत नसलेला माणूस अजून भेटायचा आहे.

सांगणारा स्वतः धडधाकट असला पाहिजे, अशी काही अट नसते. आमच्या सोसायटीत गुडघेदुखीवरचा जालीम उपाय ज्यांच्याकडे आहे, ते काका स्वतः कठडा धरून, पायरीपायरीला देवाचं नाव घेत जिना उतरतात. त्यांना हे कुणी विचारत नाही. उपाय सांगणं हे एक दान आहे, आणि दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात.

या दानशूरांचे माझ्या पाहण्यात चार पंथ आहेत. पहिला बटव्याचा. यांच्या मते सगळ्या रोगांचं मूळ पोटात असतं आणि सगळी औषधं स्वयंपाकघरात असतात. सुंठ, ओवा, हिंग, वेखंड या चौघांच्या पलीकडचं दुखणं त्यांना मान्यच नाही. दुसरा पंथ चिठ्ठीवाल्यांचा. हे लोक डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठ्या शेअर सर्टिफिकिटांसारख्या जपून ठेवतात. दहा वर्षांपूर्वी स्वतःला झालेल्या खोकल्याची चिठ्ठी ते जावयाच्या खोकल्याला काढतात आणि एका फीमध्ये दोन खोकले बसवल्याच्या आनंदात झोपतात. जावई झोपतो की नाही, ते मुलगी नंतर सांगते. तिसरा पंथ मोबाईलवाल्यांचा. डोकं दुखायला लागलं की हे फोनमध्ये 'डोकेदुखी' असं लिहितात आणि चहा गार व्हायच्या आत त्यांना मेंदूत गाठ झालेली असते. चौथा पंथ डॉक्टरभक्तांचा. शिंक आली की नाकाचे डॉक्टर, नाकाच्या डॉक्टरांनी कान तपासायला सांगितलं की कानाचे डॉक्टर. ते दोन्ही एकच असतात हे कळेपर्यंत यांची फाईल जागेच्या कागदपत्रांपेक्षा जाड झालेली असते.

मी स्वतः कुठल्याच पंथाची दीक्षा घेतलेली नाही. सर्दीला पहिल्या पंथात असतो, पाठदुखीला दुसऱ्यात, रात्री दोन वाजता तिसऱ्यात, आणि आमच्या हिने डोळे वटारले की चौथ्यात. बहुतेक मध्यमवर्गीय माणसाचं असंच असतं. प्रश्न एवढाच, की एका पंथातून दुसऱ्यात जायचं केव्हा? हा प्रश्न दिसतो सर्दीपडशाचा, पण तत्त्वज्ञानाची जाडजूड पुस्तकं ज्यावर लिहिली गेली त्या जातीचा आहे. आपला देह कुणाचा? त्याच्याविषयी शेवटचा शब्द कुणाचा? आणि परक्या माणसावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या भरवशावर?

देहाच्या मालकीविषयी आपण मोठे आग्रही असतो. "माझं शरीर मला कळतं!" हे वाक्य घराघरात ऐकू येतं. मी या देहात साठाहून अधिक वर्षं राहतो आहे. मेंटेनन्स वेळच्या वेळी भरतो. पण प्लीहा कुठल्या बाजूला असते असं कुणी विचारलं, तर मी खिडकीबाहेर बघायला लागतो. (डाव्या बाजूला असते. हे लिहिण्यापूर्वी बघून घेतलं.) ज्या घरात जन्म काढला त्या घराचं कोठार कुठं आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याने "माझं घर मला कळतं" म्हणावं, यातली गंमत आपल्याला जाणवत नाही.

तरीही डॉक्टरवर विश्वास टाकायला जीव कचरतो. खरं तर परक्यावर विश्वास टाकण्यात आपला हात धरणारा कुणी नाही. न्हाव्याच्या खुर्चीत बसून आपण अनोळखी माणसाच्या वस्तऱ्यापुढे गळा देतो आणि वर डोळे मिटतो. कसारा घाटात एसटीचा ड्रायव्हर एका हाताने तंबाखू मळत असला, तरी त्याचं लायसन बघायला कुणी मागत नाही. मग डॉक्टरकडे जाण्यापूर्वी पाच जणांना आणि जाऊन आल्यावर दहा जणांना का विचारतो? मला वाटतं, कारण साधं आहे. एसटीचा ड्रायव्हर आपल्याबरोबर गाडीत असतो. गाडी दरीत गेली तर तोही जाणार असतो. डॉक्टर मात्र वरच राहतो, आणि बिल खाली येतं.

गाडीत आधी स्वतः बसणारे डॉक्टर झालेच नाहीत असं नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातलं तेव्हा वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. त्याचं नाव आजही परळच्या हाफकिन संस्थेला आहे. पण प्रत्येक डॉक्टरने प्रत्येक गोळी आधी स्वतः खाऊन दाखवावी म्हटलं, तर दुपारच्या आत दवाखाने बंद पडतील. शिवाय आजच्या अविश्वासाला पैशाची बाजूही आहे. एक तपासणी दुसरीला बोलावते, दुसरी तिसरीला, आणि शेवटी 'सगळं नॉर्मल आहे' हे सांगायचे इतके पैसे झालेले असतात की माणूस त्या धक्क्याने आजारी पडावा. म्हणून घरच्या घरी काही करून बघणाऱ्याला मी अडाणी म्हणणार नाही. बऱ्याचदा तो नुसता हिशेबी असतो.

पण हिशेब कधी कधी फारच महाग पडतो. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त बँकवाले गृहस्थ राहतात. एका रात्री जेवणानंतर त्यांच्या छातीत जळजळायला लागलं. मी वर पोचलो तेव्हा दिवाणखान्यात सोसायटीची वार्षिक सभा भरल्यासारखी गर्दी होती, आणि वार्षिक सभेला नसतो तो कोरम तिथे होता. कुणी लिंबू-सोडा आणला होता, कुणी थंड दूध. एक वहिनी ओवा चावायला देत होत्या. जोशात आलेले एक तरुण गृहस्थ त्यांच्या पाठीवर थापट्या मारत होते. "संध्याकाळी वडे खाल्ले ना, त्याचंच हे" यावर सभेचं एकमत होतं. बँकवाल्यांनीही मान डोलावली, कारण वडे खरोखरच खाल्ले होते. घड्याळात पाऊण तास गेला होता.

तेवढ्यात पाण्याच्या मोटरविषयी काहीतरी विचारायला वॉचमन वर आला. दारातूनच त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "साहब को पंखे के नीचे पसीना आ रहा है. मैं रिक्शा लाता हूँ." कुणी परवानगी द्यायच्या आत तो खाली धावला होता. आम्ही चौघांनी त्यांना खुर्चीसकट लिफ्टमध्ये घातलं. हमरस्त्यालगतच्या इस्पितळात दहा मिनिटांत पोचलो. झटका होता. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. ते आज ठणठणीत आहेत, आणि वडे आता दुसऱ्यांच्या ताटातले बघतात.

नंतर मी वॉचमनला विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, त्याच्या चुलत्याला गावाकडे असंच झालं होतं. इस्पितळ चार तासांवर होतं. चुलते वाटेतच गेले. जमलेल्या डझनभर सुशिक्षितांकडे डझनभर उपाय होते, म्हणून सगळे उपायच करत बसले. वॉचमनकडे एकही उपाय नव्हता, म्हणून त्याने रिक्षा आणली. औषध ठाऊक नसण्याचाही कधी कधी असा गुण येतो.

आता यावरून "घरगुती उपाय मुळातच वाईट" असा निष्कर्ष कुणी काढील, तर त्याला १९७१ साली बोनगावला नेऊन आणलं पाहिजे. बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि छावण्यांत पटकी पसरली. शिरेतून द्यायच्या सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा मोजून पाण्यात मिसळलं, पिंपं भरली आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाच सांगितलं, की पेल्यापेल्याने पाजत राहा. शंभरातले तीसच्या आसपास दगावत होते, तिथे मृत्यूंचं प्रमाण चारच्या खाली आलं. जगभर कोट्यवधी मुलांना वाचवणारा हा उपाय कुठल्याही स्वयंपाकघरात होतो. उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचे चहाचे. यात 'अंदाजाने' हा शब्द कुठेही नाही, हे आमच्या हिच्यासारख्या सुगरणींनी ध्यानात घ्यावं.

त्याहून जवळचं उदाहरण आपल्या गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथल्या ३९ गावांत बाया शिकवून तयार केल्या. जवळ डॉक्टर नाही, आई इस्पितळात जायला तयार नाही आणि नवजात बाळ धापा टाकतंय, अशा वेळी त्या बाईने घरी जाऊन बाळाचे श्वास मोजायचे. मिनिटाला साठ किंवा जास्त भरले तर धोका. मग आखून दिलेलं औषध, गरज पडली तर इंजेक्शनसुद्धा, त्याच बाईच्या हातून. हे अघोरी वाटेल, पण १९९९ साली 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आकडे आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. ही बाई डॉक्टर नव्हती. पण तिच्याकडे मोजायचं काहीतरी होतं. साठ ही तिची रेघ होती, आणि रेघ ओलांडली की काय करायचं हे आधी ठरलेलं होतं.

मला वाटतं, सगळी गोम इथे आहे. आमच्या तिसऱ्या मजल्यावर लिंबू-सोडा होता, दूध होतं, ओवा होता. रेघ नव्हती. अमुक वाजेपर्यंत थांबेना तर दवाखाना, असं कुणी म्हटलं नव्हतं. घरगुती औषधाचा खरा दोष त्याच्या गुणात नसतो. ते कधीच हार मानत नाही, हा त्याचा दोष. काढ्याने खोकला गेला तर काढ्याचा गुण, नाही गेला तर "अजून चार दिवस घे", आणि वाढला तर "बाहेर पडतोय, चांगलं लक्षण आहे!" ज्या औषधाला हरताच येत नाही, त्याच्या जिंकण्याला किंमत ती काय द्यायची?

इथे मला लहानपणीचे आमचे फॅमिली डॉक्टर आठवतात. बाहेरच्या खोलीत बाकावर बसलेली माणसं, आत स्पिरिटचा वास. डॉक्टर जीभ बघायचे, पोट दाबायचे, पापणी खाली ओढायचे आणि कंपाउंडरकडे चिठ्ठी सरकवायचे. तो एका लाकडी खिडकीतून लाल नाहीतर गुलाबी मिक्श्चरची बाटली द्यायचा. बाटलीवर कात्रीने खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असायची. एक खाच म्हणजे एक डोस. मिक्श्चरमध्ये काय होतं, हे त्या दोघांखेरीज कुणाला कळत नसे. पण निघताना डॉक्टर न चुकता एक वाक्य बोलायचे. "तीन दिवस द्या. फरक नाही पडला तर दाखवा."

त्या वाक्यात किती काय होतं, हे कळायला मला केस पांढरे व्हावे लागले. 'तीन दिवस' म्हणजे मुदत. 'फरक' म्हणजे मोजायची गोष्ट. 'नाही पडला तर' म्हणजे माझं चुकू शकतं याची आगाऊ कबुली. आणि 'दाखवा' म्हणजे चुकलं तरी दार उघडं आहे. विश्वास ठेवायला याहून बळकट खुंटी मला अजून सापडलेली नाही. डॉक्टरची पदवी, दवाखान्यातला एसी, भिंतीवरची सर्टिफिकिटं यांच्यापेक्षा मी हे वाक्य शोधतो. जो डॉक्टर ते बोलतो, त्याच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही. "मी सांगतो ना, प्रश्न विचारू नका" असं जो म्हणतो, तो डॉक्टर असला तरी जातीने काढाच.

आपल्याकडे मात्र विश्वास ठेवायचं माप भलतंच असतं. औषध 'आपलं' आहे का, हे आपण आधी बघतो. हळदीचं उदाहरण घ्या. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ साली एका विद्यापीठाच्या नावावर झालं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हान पेललं, जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झालं. ऊर भरून यावा अशीच ही हकीकत. मात्र तिथे सिद्ध काय झालं, हे नीट पाहायला हवं. हा उपयोग नवा नाही, आमच्या आज्यांना तो ठाऊक होता, एवढं सिद्ध झालं. कुठली जखम हळदीने बरी होते आणि कुठल्या जखमेला टाके लागतात, हा खटला त्या कोर्टात नव्हताच. आपण मात्र निकाल ऐकून हळदीला सर्जनची पदवी देऊन टाकली. गुळवेलीचंही तेच. करोनाच्या साथीत घरोघरी तिचे काढे सुरू झाले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी, ती घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते पटलं नाही आणि वाद झाला. तज्ज्ञांमध्ये वाद होतो तिथे आपण पेला किती मोठा भरायचा, एवढा तरी विचार करावा.

या सगळ्या पेचाचं सर्वांत मोठं उदाहरण पुण्यात घडलं. महात्मा गांधींनी १९०९ साली 'हिंद स्वराज्य' लिहिलं, त्यात डॉक्टरांवर एक प्रकरणच आहे. त्यांचा मुद्दा मोठा मार्मिक. मी अती खातो, अजीर्ण होतं, डॉक्टर गोळी देतो, मी बरा होतो आणि पुन्हा अती खातो. गोळी नसती तर शहाणा झालो असतो. (लग्नाच्या पंगतीनंतर हा मुद्दा पटतो. पंगतीआधी पटत नाही.) उपास, माती, पाणी यांवर त्यांचा सारा भरवसा. असे गांधीजी १९२४ च्या जानेवारीत येरवड्याच्या तुरुंगात पोटदुखीने आजारी पडले. अपेंडिक्स निघालं. ससून इस्पितळात हलवलं. मुंबईचे त्यांचे डॉक्टर येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता. शस्त्रक्रिया करणार होते कर्नल मॅडॉक, म्हणजे ज्या सरकारने तुरुंगात टाकलं त्याच सरकारचे इंग्रज सर्जन. गांधीजींनी श्रीनिवास शास्त्रींना बोलावून घेतलं आणि आपला कर्नल मॅडॉकवर विश्वास आहे, अशा निवेदनावर सही केली. १२ जानेवारीच्या रात्री शस्त्रक्रिया सुरू असताना दिवे गेले आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात झालं. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना सोडून दिलं.

पुढे काय झालं, ते मला जास्त आवडतं. ते काही डॉक्टरभक्त झाले नाहीत. शस्त्रक्रियेला कबूल होणं हा आपला दुबळेपणा होता, आपल्याला या देहात जगायचं होतं, असं त्यांनी लिहून ठेवलं. १९४६ साली पुण्याहून तीसेक किलोमीटरवरच्या उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र काढलं. म्हणजे एकाच माणसाचे दोन्ही विश्वास तीस किलोमीटरच्या आत नांदतात. ते त्याला दुबळेपणा म्हणोत बापडे. मला तर जगायचं असणं हे डॉक्टरकडे जाण्याचं पुरेसं आणि सभ्य कारण वाटतं.

याच पुण्यात एक दुसरी गोष्टही घडली. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसमध्ये, स्थानबद्धतेत कस्तुरबा अखेरच्या दुखण्यात होत्या. मुलाने, देवदासांनी, त्या काळी अगदी नवं असलेलं पेनिसिलिन विमानाने मागवलं. दर काही तासांनी सुया टोचाव्या लागणार हे कळल्यावर गांधीजींनी, तिला आता शांतपणे जाऊ दे, अशा अर्थाने मुलाला समजावलं. २२ फेब्रुवारीला बा गेल्या. त्यांचं हृदय आधीच थकलेलं होतं आणि डॉक्टरांनाही आशा उरली नव्हती, असं त्या वेळी जवळ असलेले सांगतात. तरी त्या निर्णयावर लोक आजही भांडतात. मी निवाडा करायला बसलेलो नाही. एवढंच जाणवतं, की स्वतःच्या पोटाविषयीचा निर्णय आणि दुसऱ्याच्या श्वासाविषयीचा निर्णय यांची वजनं सारखी नसतात. सगळ्यात मोठ्या माणसालाही दुसरं वजन पेलणं सोपं गेलं नसणार.

म्हणून माझ्यापुरतं मी असं ठरवून टाकलं आहे. दुखणं माझं असेल तर प्रयोगाची मुदत मी ठरवीन. दुखणं नातवाचं, सासूबाईंचं किंवा मोलकरणीच्या मुलाचं असेल, तर माझ्या मुदतीतले दिवस त्यांच्या खात्यातून जातात. तिथे मुदत अर्धी. आणि आधी स्वतःला एक प्रश्न विचारायचा. हे वाईटात वाईट काय असू शकेल, आणि ते तसं असेल तर मला वेळेवर कळेल का? पायाला भेग पडली तर वाईटात वाईट म्हणजे आणखी मोठी भेग. तिथे महिनाभर कोकम तेल लावा, कुणी आडवा येणार नाही. पण छातीवर दाब, पंख्याखाली घाम, एका बाजूचा हात अचानक उचलेनासा होणं, जीभ अडखळणं, यांत कळेपर्यंत वेळ गेलेली असते. तिथे वॉचमनचं शास्त्र वापरायचं.

पावसाळ्यातल्या तापाचं शास्त्र ठाणेकरांनी तरी पाठच करावं. "व्हायरल आहे, सगळ्यांनाच झालंय" हे वाक्य मलेरिया, डेंग्यू आणि लेप्टो या तिघांनाही फार आवडतं, कारण त्याच्या आड तिघांना निवांत बसता येतं. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर लेप्टोने किती माणसं नेली, हे आपल्या भागात पुष्कळांना आठवत असेल. गुडघाभर पाण्यातून आलेल्या माणसाला ताप आला, तर डॉक्टरला पाण्याचं आधी सांगायचं, तापाचं मग. डेंग्यू तर पक्का लबाड. ताप उतरतो, घरात शिऱ्याचा वास दरवळतो, आणि खरा धोका नेमका तेव्हा सुरू होऊ शकतो. पोटात जोराने दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं ही त्याची पावलं. अंगदुखीवर हाताला लागेल ती गोळी घेणंही डेंग्यूत नडतं. ॲस्पिरीन किंवा आयब्युप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो. म्हणजे 'फरक पडला' हेसुद्धा आपलं आपण ठरवू नये, असे काही ताप असतात.

राहता राहिल्या चिठ्ठीवाल्यांच्या अँटिबायोटिक गोळ्या. त्यांच्या पाकिटावर लाल रेघ असते. २०१६ पासून सरकार कानीकपाळी ओरडतंय, की ही रेघ दिसली तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. आमच्याकडे लाल रेघ म्हणजे पेपर तपासताना मास्तरांनी मारलेली, एवढीच ओळख. दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं की उरलेल्या तीन पुढच्या पाहुण्यासाठी ठेवायच्या. यात पाहुणा बरा होत नाही, आणि जंतू मात्र आपला अभ्यास पुरा करून घेतात. इथे खेळ माझ्या देहाचाही राहत नाही, शेजाऱ्याचाही होतो.

आमच्या घरी या सगळ्या चिंतनाचं फलित एकच झालं आहे. सध्या कुठलाही काढा उकळला, की आमची ही आधी पेन घेऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे जाते आणि एका तारखेवर लिहिते, 'खोकला. नाहीतर डॉक्टर.' तारीख पुढे ढकलायचा अधिकार रुग्णाला नाही. गेल्या महिन्यात मी "अजून दोन दिवस बघू" म्हणालो, तर म्हणाली, "काढा हरला. रिक्षा बोलवा." डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि पाकीट हातात ठेवत म्हणाले, "पाच दिवसांनी फोन करा." हिने तिथेच त्यांना थांबवलं.

"फोन नको डॉक्टर," ती म्हणाली. "फरक नाही पडला, तर घेऊन येते. तारीख सांगा."

डॉक्टरांनी तारीख सांगितली. ती कॅलेंडरवर आहे. खोकला त्या तारखेकडे बघून बघूनच निम्मा झाला असावा.